औषधांची पेटंटं आणि डावा आक्षेप: १९७०चा कायदा ते ३(डी)

ज्ञान सगळ्यांच्या श्रमातून तयार होतं, मग त्याची मालकी एकाकडे का, हा समाजवाद्यांचा मूळ सवाल. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकात पेटंटच नको म्हणणाऱ्यांत खुल्या व्यापाराचे कैवारी पुढे होते. नेदरलँड्सने १८६९ साली पेटंट कायदा रद्द केला आणि १९१२ पर्यंत त्याच्याविना चालवलं. सोव्हिएत रशियात शोध लावणाऱ्याला प्रमाणपत्र आणि मोबदला मिळे, शोध सरकारजमा होई. भारतात हा वाद औषधांवरून पेटला, कारण इथे माणसं औषधावाचून मरत होती.

१९११च्या ब्रिटिशकालीन कायद्याचा हिशोब १९५९ सालच्या एका चौकशी अहवालाने मांडला. देशातली ८० ते ९० टक्के पेटंटं परकीयांच्या नावावर होती, आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिकांचा इथे वापरच होत नव्हता. म्हणजे माल इथे बनवायचा नाही आणि दुसऱ्यालाही बनवू द्यायचा नाही. दरम्यान पिंपरीत सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनू लागलं होतं. औषधं आपल्याला बनवता येतात, हे तिथे दिसलं होतं.

१९७०च्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं. पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, तेही फार तर ७ वर्षं. कायदा १९७२ पासून लागू झाला आणि त्याच्या आधाराने मुंबई-हैदराबादचा औषधधंदा उभा राहिला. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. डावे या कायद्याला आपला मानतात, पण त्याने मालकी संपवली नाही. परकीय मक्तेदारी मोडून देशी भांडवलाला वाट दिली. तरी रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर फायदा खरा होता. २००१ साली मुंबईच्या एका कंपनीने एड्सवरची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. श्रीमंत देशांत त्याच उपचाराला १० हजार डॉलरच्या वर पडत होते.

तोवर जागतिक व्यापार करार झाला होता, आणि २००५ पासून रेणूवर २० वर्षांचं पेटंट देणं भारताला बंधनकारक होतं. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढला. सरकार डाव्यांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं, म्हणजे साठेक खासदारांच्या हातात मान होती. मार्च २००५ मध्ये त्यांनी विधेयकाला मत दिलं, पण दुरुस्त्या करून घेऊन. त्या मतावरून डाव्या वर्तुळात आजही भांडण आहे. एक बाजू म्हणते, रेणूवरची मालकी तत्त्वतः मान्य केली तिथेच लढाई हरलो. दुसरी म्हणते, करारातून बाहेर पडायला सरकार तयार नव्हतं, तेव्हा जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. माझ्या मते दुसऱ्या बाजूचं पारडं जड आहे, आणि त्याचं कारण कलम ३(डी).

हे कलम काय म्हणतं? माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, म्हणजे क्षार, एस्टर, वेगळा स्फटिक, हा नवा शोध नाही. त्याची परिणामकारकता लक्षणीय वाढली असेल तरच तो शोध. कंपन्यांची सवय अशी की पेटंट संपत आलं की त्याच औषधाचा नवा क्षार काढायचा आणि पुन्हा वीस वर्षं मागायची.

रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेकवर त्याची कसोटी लागली. या आजाराचं गुणसूत्रांतलं मूळ विद्यापीठांतल्या अनेक दशकांच्या संशोधनातून उलगडलं होतं. कंपनीने भारतात पेटंट मागितलं ते इमॅटिनिब मेसिलेटच्या, म्हणजे ग्लिवेकमधल्या द्रव्याच्या क्षाराच्या, बीटा नावाच्या स्फटिकरूपासाठी. मुंबईतल्या कर्करुग्णांना मदत करणाऱ्या एका संस्थेनेही हरकत घेतली आणि २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. नवा स्फटिक शरीरात ३० टक्के जास्त शोषला जातो, असं कंपनीचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ठरवलं, औषधाची परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद. नुसतं जास्त शोषलं जाणं पुरेसं नाही.

त्याआधी मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरच्या नेक्साव्हरसाठी सक्तीचा परवाना दिला होता, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला ते बनवायची मुभा. महिन्याचा २,८०,४२८ रुपयांचा डोस ८,८८० रुपयांवर आला. सक्तीचा परवाना देशात तेव्हा पहिल्यांदा निघाला, आणि त्यानंतर दुसरा निघालेला नाही. कायद्यात तरतूद असूनही सरकारं ती वापरायला कचरतात, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

२००५च्या दुरुस्तीतली आणखी एक तरतूद म्हणजे पेटंट मिळण्याआधीच कुणालाही हरकत घेता येणं. टीबीतून बरी झालेली मुंबईची एक तरुणी आणि तशीच दक्षिण आफ्रिकेची एक बाई, या दोघींनी बेडाक्विलिन या टीबीवरच्या औषधाच्या नव्या क्षाराला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या कार्यालयाने तो अर्ज नाकारला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये नियम बदलले. आता अशा हरकतीला फी भरावी लागते, आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे का, हे आधी अधिकारी ठरवतात.