सांध्यातलं इंजेक्शन आणि ‘वर्षातून तीनच’चा दंडक

१९४८-४९ मध्ये अमेरिकेत कॉर्टिसोन या स्टेरॉइडमुळे आमवाताचे अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. तेच औषध थेट सुजलेल्या सांध्यात सोडून पाहिलं, तर फारसा गुण येईना. कॉर्टिसोनचं यकृतात हायड्रोकॉर्टिसोन झाल्याशिवाय ते काम करत नाही. १९५१ पासून मग सरळ हायड्रोकॉर्टिसोनच सांध्यात दिलं जाऊ लागलं आणि सूज उतरू लागली. पुढे ट्रायमसिनोलोन, मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडांचे सावकाश विरघळणारे प्रकार आले आणि आराम काही दिवसांवरून कित्येक आठवड्यांवर गेला.

वादाला तोंड फुटलं ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस. वारंवार इंजेक्शनं घेतलेल्या काही रुग्णांचे सांधे ढासळल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. सशांवरच्या प्रयोगांत कूर्चेचं (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचं) नुकसान दिसलं, माकडांमध्ये तेवढं दिसलं नाही. तरी ‘एका सांध्यात वर्षातून तीन, फार तर चार’ हा दंडक रूढ झाला. तो सावधगिरीपोटी आला. आकडा नेमका कुठे ठेवायचा, हे रुग्णांवर पारखून ठरलेलं नव्हतं. पण एकदा बसलेला आकडा सहसा हलत नाही.

२०१७ मध्ये त्याला नवं बळ मिळालं. गुडघ्याची झीज असलेल्या १४० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन दिलं, बाकीच्यांना सलाईन. स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक पडला नाही. निष्कर्ष महत्त्वाचाच आहे, पण तो झिजेच्या आजाराचा. आमवातात सांधा पोखरते ती सूज. आजार उसळलेल्या गुडघ्यातून सुईने पाणी काढलं की ते गढूळ आणि पातळ येतं; निरोगी वंगणाची तार त्याला येत नाही. अशा सांध्याला आकड्याच्या धाकाने सुजलेलंच ठेवणं, यातही धोका आहे. हे रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं.

डेन्मार्कमध्ये आमवात नुकताच सुरू झालेल्या १६० रुग्णांना मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या मूळ औषधासोबत सुजलेल्या सांध्यांत बीटामेथासोन हे स्टेरॉइड दिलं गेलं. २००६ पासून आलेल्या निकालांत हाडांची हानी फारशी वाढलेली दिसली नाही. अर्थात इंजेक्शनं चाचणीतल्या सगळ्यांनाच होती, तुलनेला त्यांच्याविना गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय त्यांना देता येत नाही. १९९४ च्या एका ब्रिटिश चाचणीत गुडघ्यातल्या इंजेक्शननंतर २४ तास पडून राहिलेल्यांना सहा महिन्यांनीही जास्त गुण दिसला. इतका साधा उपाय, तरी आपल्याकडे बरेच जण इंजेक्शन घेऊन लगेच जिना चढतात.

२०२१ च्या युरोपीय शिफारशींनी पुन्हा इंजेक्शन द्यायचं की नाही, हे आधीचा गुण आणि त्या रुग्णाची स्थिती बघून ठरवायला सांगितलं. मधुमेह्यांना काही दिवस साखर वाढू शकते, याची कल्पना द्यावी, हेही त्यात आहे. एकाच सांध्यात सुई पुन्हापुन्हा लागत असेल, तर मूळची गोळ्या-औषधंच अपुरी पडताहेत का, हे आधी तपासावं लागतं.