लेबल आणि प्लेसहोल्डर: रकान्याचं नाव कोणतं?

वेब फॉर्म बनवताना या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच वाटतात, पण स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) फॉर्म भरणाऱ्याचं काम नेमकं इथेच अडतं.

लेबल हे रकान्याचं नाव. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पान लिहायच्या भाषेत, लेबलचा ‘फॉर’ आणि इनपुटचा (रकान्याचा) ‘आयडी’ हे गुणधर्म सारखे ठेवले की दोघं जोडले जातात. मग टॅब दाबत तिथे पोचलं की एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर ते नाव बोलून दाखवतो. प्लेसहोल्डर हा नुसता नमुना; रकाना रिकामा असेपर्यंत आत फिकट दिसतो, टाइप करायला लागलं की नाहीसा होतो.

समजा, फॉर्ममध्ये जन्मतारीख आणि पासपोर्ट मिळाल्याची तारीख असे दोन रकाने आहेत. वर नावं लिहिलेली आहेत, पण साध्या डिव्हमध्ये (मजकूर ठेवायच्या नुसत्या चौकटीत), कशालाही न जोडता. आत दोन्हीकडे ‘दिदि/मम/वववव’. बघणाऱ्याला काहीच अडचण नाही. टॅब दाबत जाणाऱ्याला मात्र दोन्ही ठिकाणी तोच नमुना ऐकू येतो. कुठली तारीख कुठे भरायची, हे कळण्यासाठी त्याला रकान्याबाहेर येऊन आजूबाजूचा मजकूर चाचपत बसावं लागतं.

असं का होतं? ब्राउझर रकान्याचं नाव ठरवताना आधी एरिया-लेबल्डबाय, एरिया-लेबल (स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये नाव देणारे गुणधर्म) आणि लेबल पाहतो. यातलं काहीच सापडलं नाही, तर शेवटचा उपाय म्हणून प्लेसहोल्डरच नाव म्हणून उचलतो. त्यामुळे चाचणी करणाऱ्याला वाटतं, ‘बोलतोय की, मग झालं!’ हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. लेबलच्या जागी प्लेसहोल्डर वापरू नये, असं एचटीएमएलच्या मानकातच स्पष्ट लिहिलेलं आहे.

जोडलेल्या लेबलचा फायदा इतरांनाही होतो. त्यावर क्लिक केलं तरी कर्सर रकान्यात जातो, त्यामुळे हात थरथरणाऱ्या माणसाला नेम धरायला मोठी जागा मिळते. तुमचा फॉर्म तपासायची सोपी पद्धतही हीच: नावावर क्लिक करा. कर्सर आत गेला नाही, तर बहुधा लेबल जोडायचं राहिलंय.

तारखेचा नमुना द्यायचाच असेल, तर तो रकान्याखाली कायम दिसेल असा लिहा आणि एरिया-डिस्क्राइब्डबाय या वर्णन जोडणाऱ्या गुणधर्माने जोडा. मग आधी ‘जन्मतारीख’ ऐकू येईल आणि त्यानंतर ती कशी लिहायची ते.