फिट थांबल्या, पण मूल बदललं

अपस्माराचं औषध सुरू झालं की घरात एकच हिशोब ठेवला जातो: फिट किती आल्या. हा हिशोब अपुरा आहे. फिट पूर्ण थांबलेलं मूलही चिडखोर, उदास किंवा सुस्त होऊ शकतं, आणि कधीकधी त्यामागे औषधच असतं.

लेव्हेटिरासिटॅमचंच घ्या. इतर औषधांशी त्याची फारशी आंतरक्रिया होत नाही आणि मात्राही लवकर वाढवता येते, म्हणून मुलांमध्ये ते खूप वापरलं जातं. पण काही मुलं त्यावर आदळआपट करतात, मारामारीवर येतात, कारण नसताना रडतात. आधीपासून अतिचंचलता किंवा वागणुकीच्या तक्रारी असतील तर हा धोका जास्त. मात्रा साधारणपणे दिवसाला किलोमागे 20 मिलिग्रॅमपासून, दोन वेळांत विभागून सुरू होते आणि दर दोन आठवड्यांनी वाढवत गरजेप्रमाणे 60 पर्यंत नेली जाते. त्रास बहुधा पहिल्या काही आठवड्यांत किंवा मात्रा वाढल्यावर दिसतो. त्यामुळे प्रत्येक वाढीची तारीख लिहिलेली असली की कारण शोधणं सोपं जातं.

फिनोबार्बिटोनने काही लहान मुलं झोपाळू होण्याऐवजी उलट चळवळी होतात. टोपिरामेटवर काहींची भूक मरते किंवा बोलताना नेमका शब्द सापडत नाही. मोठ्या मुलांना वर्गात हे फार लागतं. ॲबसेन्स फिटवरच्या (म्हणजे मूल काही सेकंद भान हरपून एकटक पाहत राहतं, तशा फिट) 2010 सालच्या एका मोठ्या चाचणीत इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट यांनी फिट जवळपास सारख्याच आटोक्यात आणल्या, पण लक्ष न लागण्याची अडचण व्हॅल्प्रोएटवर 49 टक्के, तर इथोसक्सिमाइडवर 33 टक्के मुलांत दिसली. फिट तेवढ्याच थांबत असतील तर निवड अशा फरकावरच व्हायला हवी.

मात्र प्रत्येक चिडचिड औषधाची नसते. फिटनंतर काही तास मूल बिथरलेलं राहू शकतं. रात्रीच्या फिटमुळे झोप मोडते. आजारामुळे खेळ, पोहणं, सहल बंद झाली की मूल एकटं पडतं. शिवाय उदासी पहिल्या फिटच्या आधीपासूनही असू शकते. म्हणून पहिला डोस देण्यापूर्वीच्या आठवड्यातली झोप, भूक, अभ्यास, राग आणि मित्रांशी वागणं लिहून ठेवावं. तुलनेला आधार मिळतो. वर्गशिक्षकांनाही विचारावं, कारण घरी दबलेलं तिथे बाहेर पडतं.

त्रास औषधाचाच वाटला तरी गोळी एकदम बंद करू नये. अचानक तोडल्यास फिट उसळतात, आणि पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट तातडीने उपचार करण्याजोगी असते. डॉक्टर मात्रा कमी करतात, वाढीचा वेग मंदावतात किंवा औषध बदलतात. बदलताना बहुधा नवं चढवत नेऊन मगच जुनं हळूहळू उतरवलं जातं. लॅमोट्रिजिन मनावर सौम्य, पण घाईने वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. व्हॅल्प्रोएटसोबत त्याची रक्तातली पातळी सुमारे दुप्पट होते, म्हणून सुरुवात आणखी कमी मात्रेने करतात.

किशोरवयीन मुलांबाबत एक गोष्ट टाळू नये. 2008 साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने बऱ्याच चाचण्यांची आकडेवारी एकत्र पाहिली. आत्महत्येचे विचार किंवा कृती अपस्माराच्या औषधांवर 0.43 टक्के, तर निष्क्रिय गोळीवर 0.22 टक्के लोकांत आढळली. प्रमाण कमी आहे, आणि न थांबलेल्या फिटचा धोका बहुधा याहून मोठा. तरी ‘जगावंसं वाटत नाही, असं कधी मनात येतं का?’ हे मुलाला सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी आलं तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. नैराश्यावरची बरीच औषधं अपस्मारातही देता येतात, त्यामुळे फिटच्या भीतीने ते उपचार अडवून ठेवू नयेत.