काढा प्या, पण भाकरीसोबत नको

आठवडी बाजारात जडीबुटीवाली गोणपाट अंथरून बसते. सुंठ, ओवा, बाळंतशोपा, मेथीदाणा, डिंक, हळीव, शतावरीच्या वाळक्या मुळ्या. यातलं बरंचसं बाळंतिणीसाठी जातं, थोडं ‘महिन्यात पोट लय दुखते’ म्हणणाऱ्या पोरींसाठी. आता हेच सामान तालुक्याच्या मेडिकलमध्ये रंगीत डब्यांतून आलं आहे आणि डब्यावर ‘हार्मोन संतुलनासाठी’ असं छापलेलं असतं. मोबाइलवरचे व्हिडिओ त्याच्याही पुढे गेलेत. पाळी नियमित, हनुवटीवरचे केस गायब, वजन उतरलेलं, मूलही होणार, आणि सगळं एका कपात! जडीबुटीवाली एवढं कधी बोलली नाही. ती सुंठीची पुडी बांधता बांधता म्हणते, “घे माय, आराम पडते.” तपासून पाहिलं तर तिचंच म्हणणं जास्त टिकतं.

आधी हार्मोनचं पाहू. पाळीचा कारभार अंडाशयातून चालतो असं वाटतं, पण आदेश वरून येतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन सोडून अंडाशयाला कामाला लावते, अंडाशय इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तयार करतं, आणि त्यांचं रक्तातलं प्रमाण बघून वरचे आदेश बदलतात. जिल्हा, तालुका, गाव अशी ही उतरंड, आणि गावचा अहवाल पुन्हा जिल्ह्याला. त्यात थायरॉइड आणि इन्सुलिनचीही ढवळाढवळ असते. म्हणून ‘हार्मोन बिघडले’ हे काही निदान नव्हे. थायरॉइड कमी पडल्यामुळे पाळी लांबलेली मुलगी, पीसीओएस या अंडाशयाच्या विकारामुळे लांबलेली तिची वहिनी आणि पंचेचाळिशीनंतर वयामुळेच लांबलेली तिची आई, या तिघींना डबा मात्र एकच विकला जातो.

डब्यावर मेथी असतेच, आणि तिच्यामागे एक मजेदार इतिहास आहे. मेथीत डायोस्जेनिन नावाचं द्रव्य आहे. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका रानकंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवून दाखवलं आणि स्वस्त हार्मोनच्या कारखानदारीला तिथून सुरुवात झाली. गर्भनिरोधक गोळ्यांची वाटही त्यातूनच निघाली. ‘मेथीत हार्मोन असतं’ ही समजूतही फिरते आहे. पण मार्करने ते रूपांतर प्रयोगशाळेत, एकामागून एक रासायनिक पायऱ्या चढत केलं होतं. आपल्या शरीरात ते काम करणारं एन्झाइमच नाही. मेथीचं पाणी प्यायलं तर डायोस्जेनिन हे डायोस्जेनिनच राहतं. मेथीचा खरा गुण तिच्या चिकट तंतूंमध्ये आहे, ते साखर रक्तात हळू उतरू देतात. म्हणून मधुमेहाची गोळी चालू असलेल्या बाईने रोज मेथी सुरू केली, तर साखर तपासत राहावं. अचानक खाली येऊ शकते.

सुंठीची गोष्ट वेगळी, आणि जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. पाळीत पोट दुखतं ते मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे. गर्भाशयाचं अस्तर सुटताना ती तयार होतात, गर्भाशयाचे स्नायू आवळतात, त्यांचा रक्तपुरवठा तेवढा वेळ कमी होतो आणि कळ येते. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनची गोळी हीच द्रव्यं तयार होऊ देत नाही. आल्यातले तिखट घटकही काही प्रमाणात तेच करतात. २००९ साली इराणमध्ये १५० विद्यार्थिनींचे तीन गट करून एका गटाला सुंठ, दुसऱ्याला मेफेनॅमिक ॲसिड, तिसऱ्याला आयब्युप्रोफेन असं दिलं. पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत सुंठ दिवसाला एक ग्रॅम, चार भागांत. तिन्ही गटांत आराम सारखाच पडला. नंतरच्या इतर चाचण्यांचा कलही तसाच आहे. यात हार्मोन कुठे बदललं नाही, दुखणं कमी झालं. पण ज्या पोरीला बारावीचा पेपर त्याच दिवशी आहे, तिला एवढंही पुष्कळ आहे.

एक बारीक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. त्या मुलींनी सुंठीची पूड गिळली होती, गाळलेलं पाणी प्यायल्या नव्हत्या. आपण गंजात पाणी उकळतो, अद्रक ठेचून टाकतो, गूळ घालतो आणि गाळणीत चोथा फेकून देतो. आल्याचे तिखट घटक पाण्यात फारसे विरघळत नाहीत, बरेचसे चोथ्यातच राहतात. म्हणून काढ्यासाठी सुंठीची बारीक पूड घ्यावी, पाव चमचा सकाळी, पाव चमचा संध्याकाळी, आणि तळाशी बसलेलं ढवळून पिऊन टाकावं. दुखणं वाढायच्या आधी, पहिल्याच दिवशी सुरू केलेलं बरं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

काढा गरम असतो, याचाही वाटा आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत पोटावर दिवसभर सौम्य शेक देणारी पट्टी आयब्युप्रोफेनच्या तोडीची ठरली. गरम पाण्याची पिशवी नसेल तर विटकरीचा तुकडा फडक्यात गुंडाळून शेकणाऱ्या आज्या काही अडाणी नव्हत्या.

पुदिन्याबद्दल मात्र हार्मोनपर्यंत पोचणारा पुरावा आहे, लहानसा का होईना. पीसीओएसमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं आणि हनुवटीवर, ओठावर राठ केस येतात. २०१० साली इंग्लंडमधल्या ४२ बायकांपैकी निम्म्यांना ३० दिवस, दिवसातून दोनदा, पुदिन्याचा चहा दिला, निम्म्यांना दुसराच साधा हर्बल चहा. पुदिना पिणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन खरंच उतरलं. केस कमी झाल्यासारखे वाटतात असंही त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ठरलेल्या पद्धतीने केस मोजले, तेव्हा मात्र दोन्ही गटांत फरक निघाला नाही. केसाचं वाढण्या-गळण्याचं चक्र महिन्याभरात पुरं होत नाही, हे त्याचं कारण असू शकतं. पीसीओएसचं मूळ बऱ्याचदा इन्सुलिन नीट न लागण्यात असतं आणि त्यावर पुदिना काही करत नाही. दालचिनीने पाळी थोडी नियमित झाल्याची एक चाचणी आहे, पण तिच्यात सहा महिन्यांनी ४५ पैकी १७ जणीच उरल्या होत्या. अशा आकड्यांवर मी माझ्या पुतणीला काही सांगणार नाही.

जवस तर आपल्या घरचंच. त्यातले लिग्नान नावाचे घटक आतड्यातल्या जीवाणूंमुळे इस्ट्रोजेनसारख्या दिसणाऱ्या द्रव्यांत बदलतात, ही रसायनशास्त्रातली पक्की गोष्ट. म्हणून पाळी जाताना अंगातून वाफा निघतात त्यावर जवस चालेल, असा तर्क होता. अमेरिकेत १८८ बायकांवर तो तपासला. निम्म्यांना सहा आठवडे जवसाची वडी, निम्म्यांना बिनजवसाची. जवसाच्या गटात एकतृतीयांशाहून थोड्या जास्त बायकांचा त्रास अर्ध्यावर आला. बिनजवसाच्या गटातही तेवढ्याच बायकांचा! ‘मला फरक पडला’ म्हणणारी बाई खोटं बोलत नसते, फरक पडलेलाच असतो. तो जवसाने पडला की काहीतरी करतोय या दिलाशाने, एवढंच तिला घरबसल्या कळू शकत नाही. जवसाची चटणी खावीच. तेल चांगलं, तंतू भरपूर, आणि ज्वारीच्या भाकरीवर तिला तोड नाही. पण जवस उकळून त्याचं पाणी कशाला प्यायचं, हे मला कोडंच आहे.

अशोकाच्या सालीबाबत वेगळीच पंचाईत आहे. झेडपीच्या शाळेच्या कुंपणाला जो उंच, सरळ, लांबट लहरदार पानांचा ‘अशोक’ असतो, तो औषधातला अशोक नव्हेच. औषधातला तो सीताअशोक. पसरट झाड, केशरी-लाल फुलांचे झुबके. तो आता दुर्मिळ होत चालला आहे आणि बाजारात त्याच्या नावावर दुसऱ्याच झाडांच्या साली येतात, त्यात हा शाळेच्या कुंपणावरचाही असतो. अंगावरून जास्त जातं म्हणून साल उकळणारी बाई नेमकी कशाची साल पिते आहे, हे तिला विकणाऱ्यालाही ठाऊक असेल असं नाही. ज्येष्ठमधाचं उलट आहे, ते बहुधा खरंच असतं आणि त्यानेच घात होतो. त्यातलं ग्लिसिरायझिन रोज पोटात गेलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. बीपीची गोळी चालू असलेल्या बाईने डब्यामागचं बारीक अक्षर वाचून ज्येष्ठमध दिसलं तर तो डबा ठेवून द्यावा.

हे सगळं झालं काढ्याने काय मिळतं याचं. काढ्याने काय जातं, याची चर्चा फार कमी होते.

पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त समजतात. रक्ताच्या मिलिलिटरमागे जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, आणि रोजच्या जेवणातून शरीर जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषू शकतं. म्हणजे अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईचा हिशेब दर महिन्याला तुटीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. थकवा, धाप, केस गळणं, चिडचिड, कशात लक्ष न लागणं. ‘हार्मोन’ म्हणून सांगितली जाणारी निम्मी लक्षणं रक्तक्षयाचीही असतात.

आता कापूस वेचणीच्या दिवसांतली सकाळ बघा. अंधारात उठायचं, सैपाक उरकायचा, चहा मांडायचा, त्यात रात्रीची पोळी किंवा भाकर बुडवून उभ्या उभ्या खायची आणि वावरात निघायचं. चहातले तुरट पॉलिफेनॉल अन्नातल्या लोहाला धरून बसतात आणि ते आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत. १९९९ च्या एका अभ्यासात पावासोबत वेगवेगळी पेयं देऊन हे मोजलं. काळ्या चहाने लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. दूध घातलं तरी फारसा फरक पडला नाही. आणि ‘हर्बल म्हणजे निर्धोक’ समजणाऱ्यांसाठी, पेपरमिंटच्या चहाने ८४ टक्क्यांनी आणि कॅमोमाइल या फुलांच्या चहाने ४७ टक्क्यांनी घटलं. अशोक किंवा लोध्राची साल तर तुरटपणासाठीच प्रसिद्ध. जिचं रक्त जास्त जातं, तिलाच ती जेवणासोबत द्यायची, म्हणजे एका हाताने थांबवायचं आणि दुसऱ्या हाताने लोह अडवायचं.

तोड अगदी साधी आहे. चहा असो की काढा, जेवणापासून आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळीपासून तास-दीड तास लांब ठेवायचा. उठल्यावर चहा घ्या, भाकर वावरात जाऊन न्याहारीला खा. सोबत सी जीवनसत्त्वाचं काही असलं तर लोह उलट जास्त शोषलं जातं, आणि वेचणीच्या हंगामातच वरुड-मोर्शीकडचा आंबिया बहाराचा संत्रा बाजारात असतो. नसेल तर लिंबू, आवळा, बोरं. आशाताईंच्या त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. गुळाच्या चहाने रक्त भरतं, यावर भरवसा ठेवण्याइतकं लोह गुळात नाही. मात्र विदर्भात, विशेषतः पूर्वेकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आहे. तेव्हा गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तपासणी करून घ्यावी.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्यावी आणि चहा-काढा अर्ध्या-पाऊण तासाने. दिवस गेलेले असतील तर साली-मुळ्यांचे काढे नकोतच, मळमळीला अद्रकाचा तुकडा चालतो.

अंगावर पांढरं जातं म्हणून काढा पिणाऱ्या बायका खूप आहेत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, त्यातला निम्मा भार जंतुसंसर्गाचा, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. संसर्गाला प्रतिजैविक लागतं, शतावरीने तो जात नाही. तीन महिने पाळी आली नाही, तासातासाला कपडा बदलावा लागतो, मोठाल्या गाठी पडतात, तर तपासणी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर घरातलं कोणीतरी ‘गरमी झाली’ म्हणून थंड काढा पुढे करतं. ती गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते. त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालय गाठावं आणि सोनोग्राफी करून घ्यावी.