बालशिक्षणातील गुणवत्ता-नोंदी (मुंबई)

बालवाडी, अंगणवाडी किंवा पाळणाघरात काय शिकवायचे ठरले, प्रत्यक्षात काय घडले, मुलांनी काय केले आणि त्यावरून पुढचे नियोजन कसे बदलले, हे लिहून ठेवण्याची पद्धत. हजेरीपट म्हणजे गुणवत्ता-नोंद नव्हे, पण तपासणीत बहुधा तोच आधी उघडला जातो.

नोंदीचा कस तपशिलात लागतो. ‘मुलांनी मणी ओवले’ एवढ्याने काही कळत नाही. ‘एका मुलीने लाल-पिवळा असा क्रम धरला, पिवळे मणी संपल्यावर माळ सोडवून लाल-हिरवा क्रम लावला’ असे लिहिले, की उद्या तिला तीन रंगांचा क्रम द्यावा हे ताईंना सुचते. पुढची कृती न सुचवणारी नोंद फाइल जाड करते, इतकेच.

मूल पाहून मग शिकवावे, हा मोंटेसरी विचार महाराष्ट्रात रुजवला तो ताराबाई मोडक यांनी. गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासह 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारल्यानंतर त्यांनी दादरला शिशुविहार चालवले आणि 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले.

अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. धारावी त्यांपैकी एक. पुढे अंगणवाडी सेविकेकडे अकरा नोंदवह्या आल्या. कुटुंब सर्वेक्षण, आहाराचा साठा व वाटप, लसीकरण, गृहभेटी, वजन अशा त्या रांगेत पूर्वशालेय शिक्षणाची वही एकच. 2021 पासून अंगणवाडीच्या नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइल ॲप आले. त्याचे नावच त्याचा कल सांगते. सेविकेचा दिवस आहार, वजने आणि गृहभेटींत जातो. मग शिक्षणाची वही महिनाअखेरीस एका बैठकीत भरली गेली, तर दोष तिच्या हस्ताक्षरात शोधू नये.

ऑस्ट्रेलियात 2012 पासून लागू असलेल्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत सात क्षेत्रे आहेत आणि ‘शैक्षणिक कार्यक्रम व अध्यापन’ हे त्यांतले पहिले. तिथे प्रत्येक केंद्राला गुणवत्ता-सुधारणा आराखडा ठेवावा लागतो. भारतात बालसंगोपन व बालशिक्षणाच्या 2013 च्या राष्ट्रीय धोरणासोबत अभ्यासक्रम आराखडा व गुणवत्ता मानके आली, तर 2022 च्या पायाभूत स्तराच्या (वय 3 ते 8) अभ्यासक्रम आराखड्याने निरीक्षण-नोंदी आणि समग्र प्रगतिपत्रकावर भर दिला.

मुंबईत जागेचा प्रश्न वेगळाच. भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत, समाजमंदिरात किंवा देवळाच्या ओट्यावर भरणाऱ्या बालवाडीला हक्काची भिंत नसते. मुलांची चित्रे लावायची, ती संध्याकाळी उतरवायची. भाषाही एक नसते: ताई मराठीत लिहितात, मूल भोजपुरीत किंवा तमिळमध्ये बोलते, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे टिपले नाहीत तर नोंदीतला अर्धा ऐवज हरवतो.

बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी मुंबईत 1972 पासून मोबाइल क्रेशेस या साइटवरच पाळणाघरे चालवणाऱ्या संस्थेचे काम सुरू आहे. इमारतीचे काम संपले की कुटुंब दुसऱ्या साइटवर किंवा गावी जाते, त्यामुळे अशा मुलांसाठी वर्षाखेरीचे प्रगतिपत्रक निरुपयोगी. त्यापेक्षा दर आठवड्याची, तारखेसह लिहिलेली, मुलाबरोबर जाऊ शकेल अशी एक पानी नोंद अधिक उपयोगी पडते.