जिंकणे, वागणे आणि मोटार शर्यतीतील थोरपण

पावसाळ्यात संगमेश्वर, लांजा, राजापूर या भागांत भाताच्या खाचरांतून नांगरणीच्या स्पर्धा होतात. जोत चिखल उडवत पळते, मोबाइलच्या घड्याळावर सेकंद मोजले जातात, आणि खुणेच्या झेंड्याच्या आतून वळलेली जोडी कितीही आरडाओरडा झाला तरी पंच बाद ठरवतात. बक्षीस मालक घेतो, कौतुक बैलांचे होते, आणि जोत हाकणाऱ्याच्या वाट्याला बांधावरच्या जाणत्यांचा शेरा येतो, की जोडी अशी असली तर कोणीही हाकील. याच बांधावरची मुले रविवारी संध्याकाळी साडेसहाला, दिवेलागणीच्या सुमारास, फॉर्म्युला वनची युरोपातली शर्यत लावून बसतात आणि आयर्टन सेना हा चालक थोर की मायकेल शूमाकर यावर हमरीतुमरीवर येतात. तो वाद आकड्यांवर मिटत नाही, कारण तिथेही जोडीचा प्रश्न आहेच: विजयात गाडीचा वाटा किती आणि चालकाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. ज्यात गाडीचा हिस्सा नाही असे चालकाजवळ त्याचे वागणेच उरते, म्हणून थोरपणाच्या हिशेबात खिलाडूवृत्ती वारंवार डोकावते.

या वादात जुन्या पिढीचा दाखला म्हणून सांगितला जाणारा पहिला प्रसंग 1956 च्या सप्टेंबरमधला, इटलीतल्या मोन्झाचा आहे. हुआन मॅन्युएल फांजिओची फेरारी बिघडून पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागेत, अडकली होती. त्या काळी एका चालकाने आपली गाडी सहकाऱ्याला देणे नियमात बसत असे आणि मिळालेले गुण दोघांत वाटले जात. लुइजी मुस्सोने गाडी देण्याचे नाकारले. ती त्याच्या मायदेशातली शर्यत होती आणि मला तरी त्यात काही गैर दिसत नाही. पीटर कॉलिन्स मात्र, स्वतःला जगज्जेतेपदाची संधी शिल्लक असताना, गाडीतून उतरला आणि फांजिओ तीत बसला. फांजिओ दुसरा आला आणि त्याचे चौथे जगज्जेतेपद पक्के झाले. कॉलिन्स तेव्हा 24 वर्षांचा होता; आपल्याला अजून पुष्कळ वर्षे आहेत असा त्याचा हिशेब असावा. 1958 च्या जुलैत मुस्सो आणि ऑगस्टमध्ये कॉलिन्स, दोघेही शर्यतीतल्या अपघातांत गेले.

कॉलिन्सच्या मृत्यूनंतर तीनच आठवड्यांनी पोर्तुगालमधील पोर्तो येथे दुसरा प्रसंग घडला. स्टर्लिंग मॉस जिंकला होता. दुसऱ्या क्रमांकावरच्या माइक हॉथॉर्नची गाडी शेवटच्या फेरीत घसरून बंद पडली आणि ती चालू करताना त्याने ती उताराच्या दिशेला, म्हणजे शर्यतीच्या उलट्या दिशेने, नेल्याचा आक्षेप आला. त्याला बाद करण्याचे घाटत असताना खुद्द मॉसने पंचांना सांगितले की हॉथॉर्न पदपथावर होता, रस्त्यावर नव्हता, म्हणून नियमभंग झालाच नाही. हॉथॉर्नचे गुण कायम राहिले. त्या हंगामात मॉसने चार शर्यती जिंकल्या, हॉथॉर्नने एक. जगज्जेता हॉथॉर्न झाला, 42 विरुद्ध 41 गुणांनी. मॉस 1955 पासून सलग चार वर्षे दुसरा राहिला आणि जगज्जेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. मात्र त्या काळाला सरसकट सोवळा ठरवण्याचे कारण नाही. त्याच हंगामाच्या अखेरच्या, मोरोक्कोतील शर्यतीत हॉथॉर्नला हवा असलेला दुसरा क्रमांक मिळावा म्हणून त्याचा सहकारी फिल हिल वाटेतून बाजूला झाला होता. संघासाठी वाट सोडण्याची रीत इतकी जुनी आहे.

त्या पिढीच्या संयमामागे सभ्यतेइतकीच मरणाची धास्ती होती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. चाकाला चाक लागले तर समोरचा मरेल आणि बहुधा आपणही मरू, हे प्रत्येकाला ठाऊक होते. 1981 मध्ये मॅक्लारेन संघाने कार्बन फायबर या मजबूत पदार्थाच्या सांगाड्याची गाडी आणली आणि पाठोपाठ इतरांनी तो मार्ग धरला. 1982 च्या जूनपासून 1994 च्या एप्रिलपर्यंत ग्रां प्रीच्या, म्हणजे जगज्जेतेपदासाठी धरल्या जाणाऱ्या, शर्यतीत वा तिच्या सरावात एकही चालक दगावला नाही. धडक मारून चालत बाहेर येणे शक्य झाले, आणि जपानमधील सुझुकाच्या ज्या दोन धडका वादात नेहमी निघतात, त्या याच बारा वर्षांतल्या आहेत.

1989 मध्ये अलां प्रॉस्ट आणि आयर्टन सेना, एकाच संघाचे दोघे, सुझुकाच्या चिंचोळ्या वळणावर एकमेकांत अडकले. सेना पुन्हा निघाला, जिंकला आणि वळण टाळून पुढे गेल्याबद्दल बाद झाला. जगज्जेतेपद प्रॉस्टला मिळाले. पुढच्या वर्षी तिथेच सेनाला पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करण्याचा मान, मिळूनही उभे राहण्याची जागा रस्त्याच्या धुळकट बाजूला मिळाली आणि ती बदलून देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. पहिल्याच वळणावर तो प्रॉस्टच्या गाडीवर गेला, दोघे बाहेर पडले आणि सेना जगज्जेता ठरला. आपण वळण सोडायचे नाही हे आधीच ठरवले होते, असे त्याने वर्षभराने उघडपणे सांगितले. याच सेनाने 1992 मध्ये बेल्जियमच्या सरावात अपघातग्रस्त एरिक कोमाससाठी गाडी थांबवली आणि इतर गाड्या येत असताना धावत जाऊन त्याचे इंजिन बंद केले. एकाच माणसाच्या नावावर या दोन्ही गोष्टी असल्यामुळे बांधावरचा वाद लांबतो.

धास्तीचा हा तर्क सगळीकडे लागू पडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सेना 1994 च्या मे महिन्यात इटलीतील इमोला येथे शर्यतीतल्या अपघातात मरण पावला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील ॲडलेडला मायकेल शूमाकर भिंतीला घासून परतताना डेमन हिलवर आदळला. शूमाकर एका गुणाने जगज्जेता झाला, पंचांनी कारवाई केली नाही. 1997 मध्ये स्पेनमधील हेरेझला त्याने जॅक व्हिलन्यूव्हच्या गाडीला धडक दिली, पण वाळूत अडकला तो स्वतः. व्हिलन्यूव्ह तिसरा येऊन जगज्जेता झाला आणि शूमाकरचा त्या हंगामातील दुसरा क्रमांक काढून घेण्यात आला. त्याने त्या वर्षी जिंकलेल्या पाच शर्यतींना मात्र हात लावला गेला नाही. त्याच्या 91 विजयांत त्या आजही धरल्या जातात.

पुढे हा निवाडा चालकाच्या मनाकडून नियमपुस्तकाकडे सरकत गेला. 2002 मध्ये ऑस्ट्रियात रुबेन्स बॅरिकेलोने संघाच्या सांगण्यावरून अंतिम रेषेजवळ आपला सहकारी शूमाकरला वाट दिली तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यानंतर आलेली संघादेशांवरची बंदी 2010 च्या हंगामापर्यंत टिकली आणि मग उठवली गेली. 2014 पासून चालकाच्या परवान्यावर दंडगुण चढतात आणि बारा महिन्यांत 12 गुण झाले की एका शर्यतीची बंदी येते. या पद्धतीने शर्यतीबाहेर ठेवला गेलेला पहिला चालक केव्हिन मॅग्नुसेन, 2024 मध्ये, अझरबैजानमधील बाकूच्या शर्यतीला.