एकच तलाव, दोन डेटाबेस

वेबवरच्या नकाशातील आकार कोणत्या डेटाबेसमध्ये साठवावेत, हे ठरवण्यापूर्वी त्या आकारांना आपण कोणता प्रश्न विचारणार आहोत, हे ठरवावे लागते. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या नकाशात हे स्पष्ट दिसते, कारण तेथे एकच तलाव दोन डेटाबेसमध्ये दोन निरनिराळ्या रूपांत नांदतो.

पहिला डेटाबेस संपादनासाठी आहे. २००९ साली तो मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीवरून पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीवर आणला गेला. त्यात तलावाचा आकार असा साठवलेलाच नसतो. असतात ते बिंदू आणि ते कोणत्या क्रमाने जोडायचे याची यादी. बिंदूचे अक्षांश-रेखांश एक कोटीने गुणून पूर्णांकांत ठेवतात, त्यामुळे विषुववृत्तावर साधारण एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक नोंदवता येतो, जो हौशी नकाशाकाराच्या गरजेपेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे. दोन शेजारी प्रदेशांची सीमारेषा सामायिक ठेवता येते; तिच्यावरचा बिंदू हलवला की दोन्ही प्रदेश एकदमच बदलतात आणि मध्ये फट पडत नाही.

नकाशा रंगवताना मात्र ही रचना गैरसोयीची ठरते, कारण दर वेळी हजारो बिंदू गोळा करून आकार नव्याने उभा करावा लागेल. म्हणून दुसऱ्या डेटाबेसमध्ये तयार रेषा आणि बहुभुज ठेवतात. त्यासाठी पोस्टजीआयएस वापरतात. कॅनडातील रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पोस्टग्रेएसक्यूएलची जोडणी आहे. पडद्यावर दिसणाऱ्या भागात कोणते आकार येतात, हे ती आर-ट्री पद्धतीच्या इंडेक्सने, म्हणजे शोधसूचीने, शोधते. अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक आकाराभोवती आयताकृती चौकट कल्पून आधी फक्त चौकटी तपासतात, आणि उरलेल्या मोजक्या आकारांचीच काटेकोर तपासणी होते.

येथे एक खाच आहे. नॉर्वे तिरका पसरलेला असल्याने त्याच्या चौकटीत स्वीडनचाही मोठा भाग येतो. साहजिकच स्टॉकहोममधला बिंदू शोधतानाही नॉर्वेच्या गुंतागुंतीच्या किनाऱ्याची तपासणी करावी लागते. असे मोठे बहुभुज आधीच तुकडे करून साठवले की शोध पुष्कळ वेगवान होतो. मायएसक्यूएलच्या ५.६ पूर्वीच्या आवृत्त्यांतील आकारांची तुलना तर चौकटींपाशीच थांबत असे, म्हणून जुने लेख वाचून मायएसक्यूएलविषयी मत बनवू नये. जवळची दुकाने शोधण्यापुरते काम असेल, तर मोंगोडीबी हा आणखी एक डेटाबेसही पुरेसा आहे. बहुभुजांचे छेद, क्षेत्रफळे आणि प्रक्षेपणे (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धती) आली की माझा कौल पोस्टजीआयएसला.

पोस्टजीआयएसमध्येही वेब मर्केटर या वेबनकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात साठवलेल्या आकाराचे क्षेत्रफळ थेट मोजू नये: लंडनच्या अक्षांशावर ते प्रत्यक्षाच्या सुमारे अडीच पट भरते.

महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांच्या न बदलणाऱ्या सीमा नुसत्या दाखवायच्या असतील, तर डेटाबेसची गरजच नाही. एक जिओजेसन फाइल, म्हणजे आकार साध्या मजकुरात लिहिलेली फाइल, पुरते. फक्त ती हलकी करण्यासाठी बिंदू कमी करताना सामायिक सीमा एकदाच सुलभ करावी, कारण जिओजेसनमध्ये प्रत्येक जिल्हा स्वतःची वेगळी प्रत बाळगतो आणि वेगवेगळ्या प्रतींवर काम केले की शेजाऱ्यांमध्ये फटी पडतात.